माझ्या घशातला सहावा बोळा

मित्रांनो, मी एक जुना इंटरकूलर आहे. नाव परके असले तरी काम अगदी घरगुती आहे. गरम दुधावर तुम्ही फुंकर घालता ना, तसेच काहीसे. इंजिनाला जोर यावा म्हणून टर्बो नावाचा पंखा हवा दाबून आत ढकलतो. दाबलेली हवा तापते, आणि तापल्या हवेने इंजिनाचे पोट भरत नाही. मग ती माझ्या नळ्यांतून फिरते, निवते आणि पुढे जाते.

उमेदीची नऊ वर्षे मी फरश्या वाहणाऱ्या ट्रकच्या नाकापाशी काढली. धूळ, चिखल, किडे, सगळे छातीवर झेलले. चालक मला दर आठवड्याला धुवायचा आणि "याच्या जिवावर घाट चढतो," म्हणून सांगत सुटायचा. मी फुशारून जायचो. पुढे ट्रक मोडीत निघाला आणि मी भंगारवाल्याकडे फुटक्या बादलीखाली जाऊन पडलो. दोन वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. फार वाईट दिवस होते ते.

तिथून मला मिस्त्रीकाकांनी आणले. बसच्या आगारात चाळीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते आणि घरामागच्या शेडमध्ये जुनी जीप नव्याने बांधत होते. त्यांच्या पत्नीला सगळे सिस्टर म्हणत, कारण नर्स म्हणून त्यांचा सारा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला होता. सिस्टरांची थोरली बहीण टेकडीच्या माथ्यावर राही. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. ताईंचे गुडघे गेलेले, आणि ही जीप अर्ध्या चढावरच धापा टाकायची. तीन वर्षे दोघी फोनवरच भेटत होत्या.

"या रविवारी वर पोचलो नाही, तर सोमवारी जीप भंगारात," सिस्टरांनी बजावले होते. जीप गेली की मीही गेलो!

काकांनी इंजिनाला टर्बो जोडला, मला साबणाने धुतले, पट्ट्या वाकवून जीपच्या पुढच्या जाळीमागे बसवले. पाइप जोडेपर्यंत कचरा जाऊ नये म्हणून जुनी फुलाफुलांची चादर फाडून तिचे बोळे माझ्या तोंडांत कोंबले.

"किती घातले ते लिहून ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे बोळे मोजल्याशिवाय पोट शिवत नाहीत."

"अगं, जीप आहे ही, पेशंट नाही! चाळीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

आणि पाइप जोडताना एक बोळा माझ्या घशातच राहिला. मी सांगणार कसा? इंजिन सुरू होताच हवेने तो पुढे ढकलला. मी तो नळ्यांच्या तोंडाशी अडवून धरला. शनिवारी गल्लीतल्या साध्या चढावरच जीपने काळा धूर ओकला आणि बसकण मारली.

काकांनी डिझेल तपासले, पंप तपासला, शेवटी माझ्यावर घसरले. "हा डबाच कुचकामी! भंगार ते भंगारच." नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

सिस्टर खाली बसल्या. त्यांनी चादरीचे तुकडे जमिनीवर कडेला कड लावून मांडले. एक कोपरा रिकामा राहिला.

"अहो, फाडले तेव्हा सहा होते. हे पाचच आहेत."

"गेला असेल कुठे उडून."

"आमच्याकडे बोळा उडून जात नाही. पोटातच असतो. उघडा."

काकांनी पाइप सोडवला. तेलाने काळी झालेली गुलाबी फुले बाहेर आली. ते तो तुकडा रिकाम्या कोपऱ्यात मांडून आले. मग माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, "यानं अडवला म्हणून इंजिन वाचलं. चुकलो रे बाबा." त्या हाताने मी खरोखर निवलो.

रविवारी अर्धा चढ आला आणि मागेही पडला. ताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"तीन वर्षं लावलीत होय रे?"

"पोटात बोळा राहिला होता, ताई," काका खाली मान घालून म्हणाले.

ताई हसल्या. मग दोघी बहिणी एकमेकींना धरून किती तरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. बोलायचे ते सगळे फोनवर बोलून झाले होते.

मित्रांनो, माझ्या नळ्यांमधल्या पातळ पात्यांतला चिखल हलक्या हाताने धुवा, जोराच्या धारेने पाती वाकतात. जुन्या वस्तूला नावे ठेवण्याआधी आपलेच हात तपासा. आणि उघडलेले बंद करताना मोजा. आमचे काका आता मोठ्याने मोजतात. ते "सहा!" म्हणाले, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज येतो, "हं, शिवा आता!"