टाळ्यांनंतरचे दहा सेकंद

टाळ्या संपल्या की कॅमेरा लगेच बंद करायचा नाही, मनात दहा आकडे मोजायचे, हे मला काकाने शिकवलं. एडिटिंगला शेवटी थोडं शूटिंग जास्तीचं लागतं.

आमच्या गल्लीतल्या नव्या नळाच्या उद्घाटनाच्या शूटिंगचं काम माझ्याकडे होतं. नगरसेवकांनी नळ सोडला, पाणी धो धो आलं. पहिली बादली माझ्या आईची. तिने भरल्या डोळ्यांनी साहेबांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. मी मोजायला लागलो.

सहाव्या सेकंदाला साहेब नळामागच्या भिंतीकडे वळून पलीकडच्या माणसाला पुटपुटले, "झालं ना? टँकर काढा आता." नळ आटला. आईची बादली अर्धीच राहिली. गोंगाटात साहेबांचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही, पण माझा माइक अजून साहेबांच्या कॉलरलाच होता.

घरी ते ऐकून माझं डोकंच फिरलं. आईचा चेहरा तेवढा धूसर केला आणि ते दहा सेकंद फेसबुकवर टाकले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले.

साहेबांचा फोन आला. "तासाभराचा कार्यक्रम, आणि तू एवढंच टाकलंस?"

"बाकीचं तुम्ही टाकलंयत की," म्हणालो आणि फोन ठेवला.

आई मोबाइल घेऊन बसली होती. "माझं तोंड का पुसलंस रे?"

"तुला लाज वाटेल म्हणून."

"त्याचा चेहरा स्पष्ट ठेवलास," ती म्हणाली, "मग त्याने कुणाला फसवलं, ते दिसायला नको?"