बिननावाची चिठ्ठी

"चिठ्ठ्या नको वाटू, वर्षाली."

"काहून सर? नाव न टाकता अडचण लिहा, हे तं आपल्या प्रशिक्षणाचं पहिलंच पान हाये."

"तोंडी बोलू दे त्याईले."

"बोलून राहिल्या का कोणी? अर्धा घंटा झाला, 'सारं बरं हाये' एवढंच चालू हाये." वर्षाली हसली आणि कागदाचे तुकडे घेऊन निघालीही.

अकोल्याच्या त्या सभागृहात वऱ्हाडभरातल्या बचत गटांच्या बावीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या. खुशालराव सव्वीस वर्षं गावोगाव अशी प्रशिक्षणं घेत आले होते. ते उभे राहिले की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं, मुकं माणूसही बोलायला लागतं, असं लोक म्हणत. पण गेल्या नऊ वर्षांत चिठ्ठीला त्यांनी हात लावला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी चांदूर बाजारकडच्या एका खेड्यात प्रशिक्षणाला अकरा बाया होत्या. "नाव टाकू नका, बिनधास्त लिहा," म्हणत त्यांनी कागद वाटले. दहा परत आले ते कोरे. फार तर एखाद्यावर नुसती फुली. अकराव्यावर सुबक अक्षरात एक ओळ होती. खुशालरावांनी ती हरखून, खड्या आवाजात वाचली : सरपंचाच्या भावाच्या गोठ्यात दारू विकतात.

दहा माना एकदम वळल्या. जयवंताकडे.

अकरा जणींत लिहिता येणारी ती एकटीच होती. हे आधी विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. महिन्याभरात जयवंताच्या घरानं गाव सोडलं.

तेव्हापासून प्रत्येक सभागृहात ती त्यांना शेवटच्या रांगेत दिसे. हिरवा पदर, खाली घातलेली मान. जवळ जावं तर दुसरीच कोणी निघे. भजनात टाळ थांबले की त्या शांततेतही दहा माना वळत. देवापुढे हात जोडून ते एकच मागत, एकदा तिची गाठ घालून दे, पाय धरतो.

आजही शेवटच्या रांगेत हिरवा पदर होता. पाय आपसूक तिकडे वळले. चेहरा जयवंताचा नव्हता. पण अगदी अनोळखीही नव्हता.

"भागीरथा मी. वळखलं नाई न, भाऊ? त्या अकरातली."

"जयवंताबाई कुठी हाये?"

"वारली जी. दोन वर्स झाले. अमरावतीले लोकाईच्या घरी भांडे घासे."

खुशालराव तिच्यापुढे सतरंजीवर बसले. "माह्यानं झालं, बाई. मी वाचलं."

"तुमी नुसतं वाचलं. माना तं आमी वळवल्या." भागीरथा सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "माफी मांगाले गेलती मी. तिनं दारातूनच इचारलं, लिव्हता येते का आता? मी म्हटलं, नाई. मंग काहून आली, म्हणे."

"मंग?"

"मंग शिकलो न. दहाही जणी. सांगाले गेलो, तं दाराले कुलूप." तिनं डोळे पुसले नाहीत. वर्षालीकडे हात केला. "मले दे वं माय एक चिठ्ठी."

गुडघ्यावर कागद ठेवून, डाव्या हाताचा आडोसा करून ती एकेक अक्षर काढू लागली. खुशालराव उठले आणि बायांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"गोळा करू का सर? टाइम झाला."

"होऊ दे," ते न वळताच म्हणाले. "लिहू दे त्याईले."