देखणे सरांचा तास

सकाळी वर्गात शिरल्या की बाई आधी खिडक्या बघत. काचांना आतून पांढरा कागद चिकटवलेला होता. तो कुठे सुटला नाही ना, याची अंगठा फिरवून खात्री करून घेत आणि मगच खडू उचलत. बाहेर रस्त्याच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा मोठा फलक होता. त्यावर गोरेपान, निळ्या डोळ्यांचे देखणे सर पुस्तक हातात धरून हसत होते आणि शेजारी वर्गातलीच, तशीच गोरी एक मुलगी. 'अस्सल इंग्रजी, अस्सल गुरूंकडून' असं खाली लिहिलेलं. आत शिकवणाऱ्या बाई मात्र रंगाने चांगल्या काळ्यासावळ्या होत्या, म्हणून कागद.

देखणे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं नाव घेताना कुणाची जीभ वळेना, म्हणून बाईंनीच ते ठेवलं होतं. हे सर ज्या देशातून आले तिथे इंग्रजी कुणी बोलत नाही. एका खाणावळीत ते टेबलं पुसत होते, तिथे शाळेच्या मालकांनी, अण्णांनी, त्यांना हेरलं. 'गुड मॉर्निंग', 'व्हेरी गुड' आणि 'सिट डाउन' एवढ्या भांडवलावर त्यांचं मास्तरपण चाललं होतं. पण कातडी अशी, की बघणाऱ्याने आपणहून त्यांच्या नावापुढे चार पदव्या लावाव्यात.

पालक वर्ग बघायला येत तेव्हा देखणे सर फळ्यापुढे उभे राहत. त्यांच्या कानात इअरफोनचं इवलंसं बोंड असायचं. बाई शेजारच्या सामानाच्या खोलीत, खोक्यांवर बसून, छोटा माइक ओठांशी धरून एकेक वाक्य सांगत आणि सर ते पोपटासारखं म्हणत. पालक माना डोलवत. मुलांना ताकीद होती, घरी काही सांगायचं नाही. बाई मदतनीस आहेत, एवढंच म्हणायचं. पोरंच ती, पण मोठ्यांचं खोटं पोरं फार लवकर शिकतात. एक पालकबाई तर दर खेपेला आपली ओली छत्री बाईंच्या हातात देत आणि वळूनही न बघता पुढे जात.

अण्णा परके नव्हते. आपल्याच मुलखातले, आपलीच भाषा बोलणारे. परदेशात आपलं माणूस भेटलं म्हणून बाईंना केवढा हुरूप आला होता! मुलाखतीच्या दिवशी अण्णांनी बाईंचं शिकवणं ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज म्हणजे सोनं आहे. पण गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी बघतं हो. मी रंग मानत नाही. लोक मानतात, त्याला मी काय करू?" असं म्हणणारी माणसंच तर हा रोग जगवतात. स्वतः कुणीच मानत नाही आणि तरी सगळीकडे तोच चालतो.

बाईंनी मूग गिळले, कारण त्यांच्या नोकरीवरच घरातल्या तिघांचा इथे राहण्याचा परवाना होता आणि नोकरी अण्णांच्या मर्जीवर. नवरा एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम बघे. मुलगी सात वर्षांची. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी चालू, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. ती आईच्याच वर्गात शिकत होती. रंग थेट आईचा, आणि आवाजही.

वार्षिक समारंभ जवळ आला तसं अण्णांनी बाईंना बोलावलं. शाळेची नवी शाखा निघायची होती, तिच्यात भागीदार व्हायला एक बडे पाहुणे येणार होते.

"देखणे सरांचा तास सगळ्यांसमोर ठेवू," अण्णा म्हणाले. "तुम्ही आत आहातच. मग इंग्रजी कविता. ती फलकावरची मुलगी म्हणेल."

"तिला येत नाही, अण्णा. ती घाबरते. टिटवीला येते."

"मला माहीत नाही का? म्हणूनच तर. टिटवी पडद्यामागे माइकवर म्हणेल, ही पुढे नुसते ओठ हलवेल. दोघींना दिवसभर सराव करू दे."

बाईंना क्षणभर ऐकू आलेलं कळलंच नाही. मग कळलं.

"अण्णा, ती लहान आहे. तिला का..."

"लहान आहे म्हणूनच तिला काही वाटणार नाही! मोठ्या माणसांनी मनाला लावून घ्यायचं असतं. आणि बाई, खाल्ल्या मिठाला जागायला नको का? परवान्याचे कागद पुढच्या महिन्यात माझ्याच टेबलावर येणार आहेत." अण्णा हसून हे म्हणाले. ते सगळंच हसून म्हणत.

बाई घरी आल्या. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो मोजे काढत होता.

"अगं, बोलणार तर आपलीच ना?" तो म्हणाला. "चेहरा कुणाचा का असेना. तू नाही का करत?"

"मी करते ते पोट जाळायला."

"मग तीही आपलंच पोट जाळायला करेल, एक दिवस. उगाच काडी टाकू नकोस. इथून हाकललं तर तिकडे जाऊन काय करणार आहोत?" मग जरा चाचरत त्याने खिशातून एक ट्यूब काढली. "हे आणलंय. गोदामातला तो म्हणत होता, पोरींना लहानपणापासून लावलं तर उजळतात. पुढे लग्नाच्या वेळी आपल्यालाच बरं."

बाईंनी ट्यूब घेतली, उघडली आणि मोरीत शेवटच्या थेंबापर्यंत पिळून टाकली. नवरा बघत राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण बायकोचा चेहरा बघून तो हळूच बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायला गेला.

इतक्यात आतून टिटवीचा आवाज आला. बाई डोकावल्या. जेवणाच्या टेबलावर टिटवीने आपली सोनेरी केसांची बाहुली उभी केली होती. स्वतः टेबलाखाली, चादर खाली ओढून, आत बसली होती आणि तिथून खणखणीत आवाजात कविता म्हणत होती.

"टिटवे, हे काय चाललंय?"

"शाळा-शाळा." चादरीतून उत्तर आलं. "ही दिसते आणि मी बोलते. तू असंच करतेस ना गं आई?"

बाई टेबलावरच्या बाहुलीकडे बघत होत्या. अण्णांनी पोरीला पडदा शिकवला नव्हता. तो शिकवला होता आईने, रोज, तिच्या देखत, तिच्याच वर्गात. बाईंच्या मनात जे पेटलं ते दुःख नव्हतं. तो संताप होता, निखळ आणि थंड, आणि त्याला जाळायला कुणाचं तरी घर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई अण्णांकडे गेल्या, अगदी मऊ होऊन.

"तुमचंच बरोबर आहे, अण्णा. करू तसं."

"बघा! शहाण्या माणसाला शब्दाचा मार पुरतो," अण्णा खूश झाले. "हवं तर सगळा समारंभ तुमच्याच हातात देतो."

तेच तर हवं होतं. मग बाईंनी समारंभ असा मनापासून सजवला की यजमानीण वाटावी. खुर्च्या त्यांनी लावल्या, पाहुण्यांची जागा पहिल्या रांगेत अगदी मध्ये, म्हणजे नजर चुकवायला वाव नको. ओली छत्री देणाऱ्या पालकबाईंना त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं. देखणे सरांना कोट इस्त्री करून दिला. त्या गड्यावर त्यांचा राग नव्हता. तोही बिचारा भाड्याने आणलेला चेहरा. टिटवीला मात्र सकाळी वेणी घालताना एवढंच सांगितलं, "मी हाक मारली की पडद्याबाहेर यायचं. सगळ्यांसमोर, एकटीने, कविता म्हणायची."

"पण अण्णा?"

"अण्णांचं मी बघते."

टिटवीने मान हलवली. बाईंचं सगळं लक्ष तेव्हा हॉलकडे लागलं होतं.

हॉल भरला. नवराही कामावरून सुट्टी घेऊन मागे बसला होता. अण्णांनी भाषणात 'अस्सल' हा शब्द इतक्या वेळा वापरला की त्याची चव गेली. मग देखणे सर उभे राहिले. समोर मुलं ओळीने बसलेली.

"गुड मॉर्निंग!" सर म्हणाले.

मुलांनी उत्तर दिलं. सर हसले आणि कानातल्या आवाजाची वाट बघू लागले. आवाज आला नाही.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. मुलं गप्प. "सिट डाउन." मुलं बसलेलीच होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी कान चोळला, कोट ओढला, पुन्हा एकदा गुड मॉर्निंग केलं. त्यांच्या गोऱ्या कपाळावर घाम साचू लागला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी अण्णांकडे बघितलं.

अण्णा धावत सामानाच्या खोलीत आले. बाई खोक्यावर बसल्या होत्या. माइक मांडीवर.

"बोला ना! बाई, बोला! बंद पडलंय का काय?"

"नाही. उत्तम चालतंय."

"मग बोला की! लोक बघतायत!"

"बघू द्या. तुम्हीच म्हणालात, गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं."

अण्णांचं हसू पहिल्यांदा मावळलं. बाईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं. इतकी वर्षं त्या याच एका दृश्याच्या उधारीवर जगल्या होत्या, असं त्यांना वाटलं.

"बाई, मी पाया पडतो. परवाना करून देतो, कायमचा करून देतो. आत्ता वेळ मारून न्या."

"सरका," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या अंगाला धक्का देऊन बाहेर आल्या.

त्या हॉलमध्ये आल्या मात्र, ओळीतली सगळी पोरं उभी राहिली. रोजची सवय. कुणी सांगितलं नव्हतं. देखणे सर फळ्यापुढे आणि पोरं तिकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभी, हे साऱ्या पालकांनी पाहिलं.

"मुलांनो," बाई म्हणाल्या, "आज घरच्यांसमोर खरं सांगायचं. तुम्हाला रोज कोण शिकवतं?"

"बाई!" एका घोषात उत्तर आलं. एवढा मोठा आवाज त्या शाळेत कधी निघाला नव्हता. त्यात फलकावरची मुलगी सगळ्यात जोरात ओरडली होती. दिवसभर ओठ हलवून ती कंटाळली असावी.

मग एकच गलका. पाहुणे उठून उभे राहिले. एक पालक तावातावाने पुढे आले. "ही फसवणूक आहे! मग आम्ही कुणाला बघून पोरं घातली इथे?"

"बघूनच घातलीत ना?" बाई म्हणाल्या. "ऐकून घातली असतीत तर मला कुणी कोंडलं नसतं. तुमची पोरं इंग्रजी बोलतात की नाही? छान बोलतात. ते माझं आहे. अण्णांनी तुम्हाला फसवलं, कारण तुम्हाला हेच हवं होतं. मी पहिल्या दिवशी या दारात उभी राहिले असते तर तुमच्यातलं कोण आत आलं असतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. छत्रीवाल्या पालकबाई आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. पाहुणे अण्णांशी एक शब्द न बोलता बाहेर पडले आणि अण्णा भिंतीला टेकून मटकन खाली बसले. बाईंना वाटलं होतं तितकं गोड ते लागलं. अगदी तितकंच. पुढे परवाना जाईल, सामान बांधावं लागेल, सगळं त्यांना ठाऊक होतं आणि त्या घटकेला त्याची फिकीर नव्हती.

आता एकच उरलं होतं. त्या पडद्याकडे वळल्या.

"टिटवे, ये बाहेर."

पडदा हलला नाही.

"ये गं. ठरलंय ना आपलं?"

आतला माइक चालू होता, म्हणून उत्तर सगळ्या हॉलभर ऐकू आलं. "आई, मी इथूनच म्हणते ना. इथून मला छान येतं."

"नाही बाळा. बाहेर येऊन म्हण."

"नको." टिटवीचा आवाज बारीक झाला. "बाहेर आले तर मी दिसेन ना सगळ्यांना."

गलका थांबला. मागच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईंना पडदा ओढून फाडता आला असता, त्यांचे हात त्यासाठी शिवशिवत होते. पण पोरीला उघडं पाडायला त्या आल्या नव्हत्या. त्या पडद्याची कड उचलून आत गेल्या आणि जमिनीवर तिच्याशेजारी बसल्या. टिटवीने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"तुझं भांडण संपलं का, आई? जाऊ या घरी?"

"नाही," बाई म्हणाल्या. माइक बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. "अजून सुरूसुद्धा झालेलं नाही."

बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या साऱ्यांनी ते ऐकलं, आणि त्यातल्या एकालाही उठून जायचा धीर झाला नाही.