कादंबरीची समाप्ती

"पाटावर ठेव ते पुस्तक. मांडीवर नको," भागिरथीबाई म्हणाल्या.

पंकजाने कादंबरी मांडीवरून उचलली. आदळावीशी वाटत होती. पण हळूच पाटावर टेकवली. वाचनालयातली जुनी प्रत, कण्याला चिकटपट्टी लावलेली. शेजारी निरांजन. समोर आई, आंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन बसलेली, आणि पदराखाली मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो मोठा काळा चष्मा.

"आई, ही पोथी नाही."

"नसंना का. अक्षरंच हायती ना? वाच."

डॉक्टरांनी महिनाभर वाचायला आणि वाकायला मनाई केली होती. आईचा रोजच्या अध्यायाचा नेम मोडू नये म्हणून पंकजा सकाळी वाचून दाखवू लागली. पोथी संपली, पण महिना संपायचा होता. तेव्हा ही कादंबरी तिनेच सुचवली होती. चौदाव्या वर्षी वाचलेली. इनामदारांचा मुलगा, गरीब मास्तरांची मुलगी, घराण्याच्या अभिमानापायी दोघांची ताटातूट, आणि शेवटी लग्न. आईने हे नुसतं ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. कॉलेजातल्या सम्राटला तिने फोनवर हा बेत सांगितला, तेव्हा तो हसला होता.

"शेवट नीट आठवतोय ना तुला?"

"लग्न होतं. अजून काय असतं शेवटात?"

"बघ बाई. जुन्या लेखकांवर माझा फार विश्वास नाही."

आईने कादंबरीला पोथीचे सगळे नियम लावले. मध्येच उठायचं नाही. पान सोडायचं नाही. निसर्गवर्णन कंटाळवाणं वाटून पंकजाने एकदा दोन पानं एकदम उलटली, तर काळ्या चष्म्याआडून लगेच प्रश्न आला होता, "पान चिकटलं का गं?" आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे, दुःखावर थांबायचं नाही.

"तिला घराबाहेर काढलंय आन तू हितं थांबतीस व्हय? दिवसभर रस्त्यावर ऱ्हाईल ती. कुठंतरी छपराखाली ने तिला, मग ऊठ."

"आई, मला कॉलेजला उशीर होतोय."

"तिला पाऊस लागतोय."

त्या लेखकाला नायिकेला छपराखाली न्यायला पानंच्या पानं लागत. पंकजाचा घसा बसला. श्रीरामपूरच्या कॉलेजात ती शिकवत असे; तिथला तिचा पहिला तास रोज चुकू लागला. शेजारच्याच खोलीत भौतिकशास्त्र शिकवणारा सम्राट तिच्या वर्गातली मुलं सांभाळून घेई आणि दारातून जाताना हळूच विचारी, "लागलं का छप्पर?"

इनामदारांचा कारभारी कथेत आला, तेव्हा भागिरथीबाईंनी हात वर केला.

"ह्यो वाईट निघनार."

"कशावरून? आत्ता तर आलाय."

"काळा हाय, तिरळा हाय, लंगडतोय. आन त्याच्या रूपाला अख्खं पान घातलंय. तो इनामदाराचा पोरगा नुसता गोरा म्हनून सोडला."

"दिसण्यावरून माणूस वाईट ठरत नाही, आई."

"मला नगं सांगू. लिवनाऱ्याला सांग."

कारभारी वाईटच निघाला. पंकजाला लेखकाचाही राग आला.

पण गुरुवारी जे झालं त्याने तिचा धीरच सुटला. इनामदारीणबाईंनी मास्तरांच्या मुलीला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, तेव्हा भागिरथीबाईंनी चष्म्याखाली पदर घातला.

"रडू नका म्हणालेत डॉक्टर."

"काय बाई हाय तरी! पोरगी सोन्यासारखी, आन हिला घरानं पायजे!"

पंकजाने पुस्तक मिटलं. दिवाळीपासून या घरात तिच्या आणि सम्राटच्या लग्नावर "बघू" हा एकच शब्द ऐकू येत होता. त्यात रविवारी आसाराममामा घोडेगावचं स्थळ घेऊन येणार होता. मुलाच्या घरचे सगळे येणार होते, आणि मामाच्या मते ती बैठक नव्हती, सुपारीच होती.

"मग सम्राटचं काय?"

भागिरथीबाईंनी निरांजनाची वात चाचपून पुढे सारली. "ते येगळं."

"कसं वेगळं?"

"मानूस चांगलाय गं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बसून व्हता, मी काय इसरले न्हाई. पन ते बौद्ध. आपल्यातले न्हाईत. लोक काय म्हनतील, आसाराम काय म्हनंल."

"इनामदारीणबाई हेच म्हणत होत्या! आत्ता, या पानावर!"

"ती कादंबरी हाय," भागिरथीबाई शांतपणे म्हणाल्या.

पंकजाने पाटाकडे पाहिलं. इतके दिवस पाट, निरांजन, डोक्यावर पदर. आणि नेमकी आत्ता ती कादंबरी झाली.

शनिवारी शेवटचं प्रकरण उरलं. आईने पंकजाकडून पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढून घेतली. पंकजा वाचू लागली. इनामदारीणबाई आजारी, मास्तरांची मुलगी त्यांच्या उशाशी. वाचता वाचता तिची नजर खालच्या ओळींवर गेली आणि आवाज अडखळला. म्हातारी दाई आली होती. तिने मुलीच्या दंडावरचा तीळ ओळखला होता. मुलगी मास्तरांची नव्हतीच. ती नदीच्या पुरात हरवलेली, सरदार घराण्यातली लेक होती.

चौदाव्या वर्षी ही दाई कुठे गेली होती, कोण जाणे.

तिने पानं उलटली आणि लेखकाच्याच थाटात मनाने पुढे सुरू केलं. "इनामदारीणबाई उठून बसल्या. मुलीचा हात हाती घेऊन त्या म्हणाल्या, मुली, तू मास्तरांची लेक आहेस, आणि मास्तरांची लेक म्हणूनच माझ्या घरात ये..."

"पान चिकटलं का?"

"नाही."

"दोन उलटली तू. आन त्यो मानूस असं लिवत न्हाई. त्याला हात हाती घ्यायलाच अर्धं पान लागतंय. मागं जा."

पंकजा मागे गेली. दाई, तीळ, पूर, सरदार. तिने सगळं एका सुरात वाचून टाकलं, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं. इनामदारीणबाईंनी सुनेला मिठी मारली. सनई वाजली. कादंबरी संपली.

आता आई म्हणायला मोकळीच होती, असं पंकजाला वाटलं. बघ, पोथीतसुद्धा शेवटी आपल्यातलीच लागते.

"म्हंजे ती त्यांच्यातलीच निघाली?"

"हो."

"मग त्या बाईनं केलं काय?"

"कोणी?"

"सासूनं! मला इतकं दिवस रडवलं, डोळं बिघडायची येळ आनली, आन शेवटाला तिला काय सोडावंच लागलं न्हाई! हातावर आयतं आलं. हिला चांगली म्हनायचं व्हय?" त्यांचा हळू आवाज चिडल्यावर आणखीच हळू झाला. "चोर हाय लिवनारा."

पंकजाला हसू आलं नाही.

भागिरथीबाईंनी पदर सारखा केला. "त्याचं काय निघनार हाय, शेवटाला?"

कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

"काही निघणार नाही, आई. जे आहे तेच. आणि वेगळं काही निघावं, असं त्याला वाटतही नाही."

"व्हय," भागिरथीबाई म्हणाल्या. मग चष्मा नीट बसवून, "आसारामला फोन लावून दे. उद्याची मंडळी आनू नको म्हनावं. मी डोळ्याचं कारन सांगनार न्हाई. नको म्हनून सांगनार."

पंकजाने फोन हातात घेतला.

"आन एक सांग. कादंबरी आसंल तर मिटून दे वाचनालयात. पोथी आसंल तर समाप्ती करावी लागती. पुरन घालावं लागतं, भायेरच्या कुनाला तरी जेवायला बोलवावं लागतं." काळा चष्मा तिच्याकडे वळला. "काय हाय ही?"

पंकजाने ओढणी डोक्यावरून घेतली. परडीतलं झेंडूचं फूल उचललं आणि त्या चिकटपट्टी लावलेल्या पुठ्ठ्यावर वाहिलं.

"पोथीच आहे, आई."