खराबवाडीचं बाळंतपण

"ही गाठ कुणी सोडली?" मी इतक्या जोरात विचारलं, की ओसरीवर बसलेले पुरुष उठून उभे राहिले.

पाटावर माझं पुडकं पसरलेलं होतं. कात्री, चिमटे, नाळेला बांधायचा दोरा, सगळं सकाळी चाकणच्या दवाखान्यात चांगलं उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून मी स्वतः दुहेरी गाठ मारली होती. आता फडकं सताड उघडं आणि कात्रीवर माशी.

कळा देत असलेल्या सोजराची सासू आक्काबाई शांतपणे म्हणाली, "म्याच सोडली. बाई अडलीया. अशा वक्ताला घरात गाठ ठिवत न्हाईत."

आणि खरंच त्या घरात एक गाठ शिल्लक नव्हती. पोत्यांची तोंडं मोकळी, पेटीचं कुलूप काढलेलं, डब्यांची झाकणं जमिनीवर. म्हैससुद्धा दावं सोडल्यामुळे अंगणात खुशाल हिंडत होती. आल्या आल्या मलाही वेणी सोडायला सांगितलं होतं, ते मी नाक मुरडून उडवून लावलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी असल्या गोष्टी ऐकते होय?

हे छप्पन सालच्या मे महिन्यातलं. माझे वडील, नानासाहेब, पुण्यातले नावाजलेले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी बसायचं, हे मी शाळेत असतानाच ठरून गेलं होतं आणि मलाही ते पसंत होतं. डोळ्यांचं काम कसं नीटनेटकं, आरडाओरडा नाही, रक्ताचे पाट नाहीत. सुट्टीत पंधरा दिवस त्यांच्या एका मित्राच्या चाकणमधल्या दवाखान्यात आले होते, तेही खुपऱ्यांचे डोळे बघायला मिळावेत म्हणून. पण त्या दिवशी डॉक्टर साक्षीसाठी खेडच्या कोर्टात गेले, खराबवाडीहून बैलगाडी दारात आली, आणि दवाखान्याच्या सुईणबाईंबरोबर मला चढावं लागलं.

त्या गोजाबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलणं मोजकं. वीस वर्षं त्या दवाखान्यात फडकी उकळत होत्या, लादी पुसत होत्या आणि बोलावणं आलं की बाळंतपणाला जात होत्या. मी त्यांना मोलकरीणच समजत होते. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मी आक्काबाईंवर आणखी बरसणार होते, पण गोजाबाईंनी थांबवलं. चुलीवर आधण आहेच, कात्री पुन्हा उकळायला टाका म्हणाल्या. वर हळूच, "आन् येणी सोडा की ताई. तुमचं काय जातंय?" मी कात्री पातेल्यात आदळली आणि रागारागानं वेणी सोडली.

तेवढ्यात डोकं आलं. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो पहिला जन्म. वॉर्डात आम्हा विद्यार्थ्यांच्या घोळक्यात मागून टाचा उंच करूनही डॉक्टरांच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही. इथे वीतभर अंतरावर एक चिमुकलं, सुरकुतलेलं तोंड.

आणि ते तिथेच थांबलं. कळ आली, गेली, दुसरी आली. डोकं पुढे येईना, उलट मागे ओढल्यासारखं झालं. खांदा अडकला होता. चेहरा जांभळा पडत चालला. मला वर्गातलं सगळं आठवलं आणि त्यातलं काहीही हाताला आलं नाही. मी सरळ डोकं धरलं आणि ओढायला गेले.

माझ्या मनगटावर फाडकन चापट बसली. "पोरी, हात काढ," गोजाबाई म्हणाल्या. "वढलंस तर हात लुळा पडंल त्येचा."

मग सोजराच्या कानाशी वाकून त्यांनी तिला रांगत्या पोरासारखं हातागुडघ्यांवर व्हायला सांगितलं. बायका कुरकुरल्या, आक्काबाईंनी तर खांदे दाबून सुनेला उताणीच धरून ठेवलं. गोजाबाईंनी ते हात बाजूला केले. सोजरा कण्हत वळली, ओणवी झाली. गोजाबाईंनी नुसते दोन तळवे खाली धरले. एक कळ, आणि खांदा अलगद सुटला. पाठोपाठ अख्खं मूल त्यांच्या हातात आलं.

मुलगी होती. रडेना. गोजाबाईंनी तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मी आतल्या आत मारुतीच्या, आठवेल त्या देवाच्या पाया पडत होते. मग ती अशी किंचाळली, की बाहेर म्हैस दचकली. मी मोठ्यानं हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गरम कात्रीनं नाळ मी कापली. मला वाटत होतं, हेच जन्मभर करावं.

"गाठी सोडल्या म्हून सुटली," आक्काबाई म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. माझी वेणी उशिरा सुटली म्हणून उशीर झाला, असंही ठरलं. गोजाबाईंनीही मान डोलावली, तेव्हा माझा तिळपापड झाला.

परतताना गाडीत मी त्यांच्याशी भांडलेच. मूल तुम्ही वाचवलंत, मग गप्प का बसलात?

"त्यांच्या गाठी त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "मी हसले आसते तर फुडच्या येळंला गाडी आलीच नसती."

हे ओणवं करणं कुठे शिकलात, असं मी विचारलं.

"माझ्यावरच. मला पाच जणींनी उताणी धरून ठिवली हुती. म्या वळायचं म्हनत हुते, कुनी वळू दिलं न्हाई." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "ल्योक हुता."

घरी येऊन मी नानासाहेबांना सांगितलं, मी बाळंतपणाची डॉक्टर होणार. ते हसले. पंधरा दिवसांचं खूळ आहे, शेवटच्या परीक्षेत त्या विषयात पहिली आलीस तर बोलू, नाहीतर माझ्या शेजारची खुर्ची तयार आहे, म्हणाले.

दोन वर्षं मी वेड्यासारखा अभ्यास केला. तोंडी परीक्षेला मुंबईहून मोठे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, डोकं बाहेर, खांदा अडलेला, काय कराल? मी पुस्तकातलं सगळं घडाघडा सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "आणि सर, हे सगळं करण्याआधी मी बाईला ओणवी करीन."

त्यांनी चष्मा काढला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. मी पाहिलंय. चाकणच्या गोजाबाई करतात."

संपलं, मला वाटलं, आता जन्मभर चष्म्यांचे नंबर. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण काढलं आणि समोरची वही जवळ ओढली.

"स्पेलिंग सांगा," ते म्हणाले.

"जी, ओ, जे, ए," मी सांगू लागले.