पांढऱ्या घरांचा उंट

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या पटावरचा एक जुना उंट आहे. मार्गिलान शहरातल्या एका सुताराने मला जर्दाळूच्या लाकडातून घडवलं आणि बाजारामागच्या चहाखान्यात माझी नेमणूक झाली. मी फक्त पांढऱ्या घरांवरून तिरका चालतो. काळी घरं माझी नाहीत. त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

चहाखान्याची एक रीत होती. एकाकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि दुसऱ्याकडे काळ्या घरांचा, असे दोघेच उंट उरले, की म्हातारे पट आवरायला घ्यायचे. "यांची उभ्या जन्मात गाठ पडायची नाही. बरोबरी! चहा आणा रे!" वजीर, हत्ती अजून पटावर आहेत, हे बघतो कोण? ऐन रंगात आलेल्या डावातून मी डब्यात जात असे.

एकदा शाळेतल्या शिक्षिका मुक्कदस-ओपा, म्हणजे मुक्कदसताई, आल्या. आपल्या वर्गातल्या मुलींना शनिवारी इथे खेळू द्यावं, एवढंच त्यांचं मागणं. सगळ्यांत वडीलधारे आजोबा, एर्गाश-बोबो, हसले. "मला हरव, मग आण पोरी. बरोबरी झाली, तर मात्र घरचा रस्ता."

खेळता खेळता पुन्हा तेच दोन उंट उरले. मी ओपांकडे होतो. बोबोंनी पट आवरायला हात पुढे केला.

"झालं, पोरी. बरोबरी."

"थांबा बोबो, वजीर आहेत अजून."

"असू देत! काय उजेड पाडणार आहेस?"

ओपांनी आपला वजीर माझ्या पुढ्यात, माझ्याच तिरक्या रेषेत आणला. त्या रेषेच्या टोकाला बोबोंच्या राजाशेजारचं पांढरं घर होतं. बोबोंनी आपला उंट राजाजवळ सरकवला आणि निवांत पेला उचलला. पण तो काळ्या घरांचा. त्या पांढऱ्या घराची राखण तो करणार कशी? वजीर तिथे जाऊन बसला. त्याच्या पाठीशी मी होतो, म्हणून राजाला तो मारता येईना.

"शह आणि मात, बोबो."

बोबो पटाकडे बघतच राहिले. "अरेच्चा... म्हणजे इतकी वर्षं आम्ही डाव अर्ध्यातच मोडत होतो?"



शाबासकी वजिराला मिळाली. माझं नावही कोणी घेतलं नाही. शनिवारी मुली आल्या, त्यांच्यासाठी पट बोबोंनीच मांडला.

मित्रांनो, आम्ही लाकडाचे आहोत, पडलो की टवके उडतात. खेळ संपला की आम्हाला नीट डब्यात ठेवा. पण खेळ संपल्यावरच.