झिजलेला आठ

मी एक जुना टाईपरायटर आहे. मित्रांनो, कोल्हापुरात आरटीओ कचेरीच्या फाटकाबाहेर, एका चिंचेखाली माझं आयुष्य गेलं. माझे मालक हंबीरराव. अर्ज टाईप करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या ट्रकवाल्यांना ते सांगायचे, "गाडी घेतली म्हंजे झालं न्हाय. नोंदणी, फिटनेस, विमा, रोड टॅक्स आणि परमिट! एक कागद चुकला की गाडी जाग्यावर."

लोक माझ्या सुबक अक्षरांचं कौतुक करायचे. पण माझा इंग्रजी आठाचा (8) खिळा डावीकडून झिजला होता. आठ उमटायचा तो इंग्रजी तिनासारखा (3). दुरुस्तीवाल्यानं तो बदलायला सांगितलं, तेव्हा हंबीरराव म्हणाले, "दिवाळी झाली की बघू."

ही गोष्ट १९९६ सालची. दुरुस्तीवाला येऊन गेला त्याच आठवड्यात मुरगूडचे जोतीराम आणि त्यांची बायको चिमणाबाई आले. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून जोतीरामांनी स्वतःचा ट्रक घेतला होता. कर्नाटकात माल न्यायला परमिट हवं होतं. अर्ज झाला. चिमणाबाई म्हणाल्या, "भाऊ, चॅसी नंबर एकदा मिळवून बघा की."

"बाई, वीस वर्षं ह्योच धंदा हाय माझा!" हंबीरराव चिडले. जोतीरामांनी संकोचून सही केली. मला बोलता आलं असतं तर!

कचेरीतल्या कारकुनानं अर्जातला आठ तीन असा वाचला आणि परमिटावर चुकीचाच नंबर चढला. पहिल्याच खेपेला सीमेवरच्या नाक्यावर साहेबांनी वाकून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेला नंबर पाहिला आणि ट्रक अडवला. दोन दिवसांत ट्रकमधले टोमॅटो सडून क्रेटमधून पाणी गळू लागलं. टोमॅटोच्या व्यापाऱ्यानं काम काढून घेतलं. दुसरं काही जमेना. वर्षभरात ट्रक विकावा लागला.

नाक्यावरून सुटल्यावर जोतीराम थेट आमच्याकडे आले होते. अर्जाची नक्कल पुढं धरून म्हणाले, "ह्यो आठ हाय का तीन?"  हंबीररावांनी खिळा त्याच दिवशी बदलून घेतला.

काही वर्षांनी जोतीराम लायसन नवं करायला आले ते आम्हाला ओलांडून शेजारच्या टेबलापाशी गेले. हंबीरराव उठून म्हणाले, "चहा तरी घ्या, पावणं."

"नको. गाडी मालकाची हाय. थांबता येत न्हाय."

पुढं संगणक आले आणि मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, यंत्राचं दुखणं उद्यावर ढकलू नका. आणि कोणी "एकदा बघा की" म्हटलं, तर रागावू नका. बघा.